जवारी

गेल्या नाताळात वेदीमागचा पडदा पेटला.
फार नाही, वीतभर.
तेवढ्यावर मंडळीचा ठराव झाला:
यापुढे मुलांच्या हातात खरी मेणबत्ती नको.
चाळीस नग, नोव्हेंबरअखेर, नगाला एकशे दहा.
खजिनदार रणभिसे म्हणाले,
रूथ, तुझा डिप्लोमा मग कधी कामाला यायचा?

मिरजेत, वाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी
माझं दुकान. मिक्सर, इस्त्र्या, इमर्जन्सी दिवे.
पहिली ज्योत मी चिपमध्ये लिहिली:
रँडम आकडे, सेकंदाला तीस,
पिवळा एलईडी कमी, जास्त, कमी.
दिसायला हुबेहूब
मरायला टेकलेली ट्यूबलाइट.

मग शटर ओढून
खऱ्या मेणबत्तीसमोर बसले, तीन रात्री.
वहीत लिहिलं:
पडते झटक्यात, उठते सावकाश,
समजूत काढावी लागल्यासारखी.
बुडाशी निळी, तिथे काहीच घडत नाही.
जंक्शनवरून मालगाडी सुटली
की तिला आधी कळतं, मला नंतर ऐकू येतं.
'क' म्हटलं तर जागची हलत नाही,
'ख' म्हटलं की वाकते.
'ग'ला ढिम्म. 'घ'ला दचकते.
आख्खी बाराखडी म्हणून पाहिली.
आतून आईने विचारलं,
एवढ्या रात्री कुणाला शिकवतेयस?

चिप बाजूला ठेवली.
दुधी प्लास्टिकची पाकळी कापली, नखाएवढी,
तिला भोक, भोकातून पोलादी तार,
खाली चुंबक, त्याखाली तांब्याचं वेटोळं.
भोक शून्य पूर्णांक आठ मिलिमीटर,
तारही तेवढीच, व्हर्नियरने मोजून.
पाकळी हलली.
डावीकडे, उजवीकडे, डावीकडे,
भिंतीवरच्या घड्याळाला साथ द्यायला लागली.

दस्तगीरचाचा चहा घेऊन आले.
हातांना लाखेचा वास, भुवईवर भोपळ्याचा भुसा.
पाकळी डोळ्याशी धरून म्हणाले,
भोक लई बरोबर पाडलंयस.
म्हटलं, मग?
मग कशाला बोलंल ती?

कानामागची बारीक कानस काढली,
दोनदा तिरकी फिरवली. बास.
तंबोऱ्याच्या घोडीवर ते हेच करतात जन्मभर:
तार सपाट टेकली तर सूर मुका,
हाड जरासं झिजवलं
की तारेला कळेनासं होतं
आपण टेकलोय का सुटलोय,
आणि त्या गोंधळाला गवई हजारो रुपये देतात.

पाकळी डावीकडे गेली.
थांबली.
काहीतरी आठवल्यासारखी अर्ध्यातून परतली,
शहारली, मग बराच वेळ नुसती उभी.
चहावर साय धरली.

उरलेली एकोणचाळीस भोकं मीच बिघडवली.
चार जास्त बिघडली.
एक चाचांनी परत दिली, म्हणाले, ही बडबडतीय.

रणभिश्यांनी सगळ्या टेबलावर रांगेत मांडल्या,
चष्मा वर करून, खाली करून पाहिल्या.
एकसारख्या हलत नाहीत गं. माल सदोष आहे?
म्हटलं, हो. प्रत्येक नग वेगळा सदोष.
नगामागे दहा रुपये कापून
त्यांनी बिलावर सही केली.

परत आलेली ती बडबडी आता घरी असते,
बायबलशेजारी.
काल प्रार्थना संपवून आईने सवयीने फुंकर मारली.
पाकळी पार आडवी झाली,
तारेवर खडखडली, उठली.
आईने पुन्हा मारली. पुन्हा उठली.
अगं, बटण खाली आहे, मी अंथरुणातून सांगितलं.
थांब जरा, ती म्हणाली,
गुडघ्यावर हात टेकून ओणवी झाली,
तोंड अगदी जवळ नेलं,
आणि 'क' म्हणाली.
मग 'ख'.