गोल शिक्का

लाइपझिगमध्ये मी ओळीमागे पैसे घेतो.
शपथ घेतलेला अनुवादक:
पदरचं घालायचं नाही, असलेलं गाळायचं नाही.

गुफरानबाईंची पदविका चार घड्यांची.
मोसुल. सुईणकाम. श्रेणी: चांगली.
एकोणीस वर्षांचा अनुभव
दीड ओळीत बसला.

खाली निळा शिक्का,
अर्धा पाण्यानं फुगलेला.
इथं काय होतं? मी विचारलं.
न बघताच म्हणाल्या,
कॉलेजचं नाव, साल, मधोमध गव्हाची लोंबी.
शिक्का मारणाऱ्या कारकुनाच्या दोन्ही मुली
माझ्याच हातांवर आल्या.

नियम असा, की दिसेल तेवढंच लिहायचं.

त्यांनी अंगठा शिक्क्यावर ठेवला,
अलगद फिरवला,
आत डोकं कुठल्या बाजूला आहे
ते चाचपावं तसा.
मग घड्याळ पाहून उठल्या.
वृद्धाश्रमात चादरी बदलायची ड्यूटी, सहाची.

मी कंसात टाइप केलं:
गोल शिक्का, अवाच्य.

दारातून वळून विचारलं त्यांनी,
काय लिहिलंत?

शिक्का आहे, म्हटलं,
असं लिहिलंय.