अकरावी पायरी

होबार्टच्या चढावर, नदीकडे तोंड करून
ऑड्री पेंगेलीचं घर. रस्त्यापासून दारापर्यंत
अकरा पायऱ्या. दहा सारख्या.
अकरावी बावीस मिलिमीटर जास्त उंच.

बावीस मिलिमीटर म्हणजे
माझ्या करंगळीचं एक पेर.
फायलीत मात्र एकोणतीस पत्रं, त्रेसष्ट फोटो,
दोन तज्ज्ञ, एक तिचा, एक त्याचा
(दोघांच्या टेपवर आकडा एकच),
अडवून धरलेला शेवटचा हप्ता,
आणि वकिलाने लिहून ठेवलेली तक्रार,
जिच्यावर फक्त तारीख घालायची बाकी.

तारीख पडण्याआधी मला पाठवतात.
माझ्याकडे शिक्का नाही, दंड नाही.
एक पाणसळ आहे आणि चहाचा थर्मास.
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात;
ती किती उंच असते, ते कुणी मोजलेलं नाही.

झोरान वुकिच गाडीतच बसून होता.
काच चार बोटं खाली करून म्हणाला,
"तिला सांगा, एवढा फरक जगात सगळीकडे असतो."
वरून, दारातून: "त्याला सांगा, माझ्या दारात नको."
अकरा महिने हे असंच,
मधे कुणीतरी उभं, निरोप्यासारखं.

वारा डोंगरावरून उतरत होता.
मी म्हटलं, आत बसू.
आत बसायचं तर पायऱ्या चढाव्या लागतात,
हे मी मुद्दाम केलं नव्हतं.
केलं होतं.

पण अडखळले ते मुद्दाम नाही.
आकडा तोंडपाठ असूनही अकरावीला
अंगठा ठेचला, थर्मास सुटला
आणि एकेक पायरी वाजवत खाली निघाला.
पहिला आवाज मोठा, मग सगळे सारखे.
झोरानने तो चौथ्या पायरीवर पायाने अडवला.
बराच वेळ तिथेच उभा राहिला.

"काँक्रीटची गाडी दोन तास उशिरा आली," तो म्हणाला,
पहिल्यांदाच तिच्याकडे बघून.
"वरच्या ओट्याची फळी मुलाने लावली होती.
पहिलाच आठवडा त्याचा. मी पुन्हा मोजलं नाही."
"हे पत्रात का नाही लिहिलंत?"
"पत्रं वकील लिहीत होता."

मग तीही बोलली. पडली नव्हती ती कधी.
पण अंधार पडला की खाली उतरत नव्हती;
गुरुवारचं गाणं, चर्चमधला तो गट, सुटला होता.
फायलीत 'धोका' सत्तावीस वेळा होता,
गुरुवार एकदाही नव्हता.

ओटा फोडायचा तर दार काढावं लागेल, तो म्हणाला.
ती गप्प. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली बाई.
कपाच्या बशीवर बोटाने काहीतरी मांडत होती.
"बावीस. अकरा पायऱ्या.
वाटून टाका ना. प्रत्येकीला दोन."
तो थांबला. मग हळूहळू,
"पहिलीवर दोनचा थर... दुसरीवर चार..."
"तिसरीवर सहा."
"दहावीवर वीस," दोघं एकदमच म्हणाले
आणि ओशाळून माझ्याकडे बघू लागले,
जणू मीच काही बोलले.

मी अर्ध्या पानावर लिहून घेतलं.
माल तिचा, मजुरी त्याची, हप्ता काम झाल्यावर.
'चूक कोणाची' हा रकाना कोरा ठेवला.
नेहमी जमत नाही असं. त्याच आठवड्यात
कुंपणाच्या भिंतीवरून दोन सख्खे भाऊ
माझा चहा पिऊन, आभार मानून
सरळ कोर्टात गेले.

दीड महिन्याने ऑड्रीचा फोन.
काळजात धस्स झालं: काय झालं?
"काल गाणं आटपून रात्री घरी आले.
अकरावीला पाय सवयीने उंच उचलला
आणि दाणकन आपटला की हो,
सरळ पायरीवर!"
हसता हसता तिला ठसका लागला.
"झोरानला सांगू नका हं."
मग जरा थांबून,
"राहू दे. मीच सांगेन."