सरावाची बोट

ट्रोम्सोच्या धक्क्यावर, फेरी कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर
सुनिव्हाने बोटीची प्रत काढली.
नाव बदललं, क्रमांक बदलला,
शनिवारच्या कवायतीसाठी,
आणि प्रतीतले सगळे प्रवासी
एका ओळीत उतरवले.

अकरा वाजून सात मिनिटांनी
हार्स्टाड बंदरातून आयलिफचा फोन:
"तुमची बोट रिकामी येतेय का?
एक्केचाळीस होते, आता शून्य दिसतायत.
कप्तानाला विचारलं, तर तो म्हणतो
कँटीनपुढे वॉफलसाठी रांग आहे."

चूक लाजिरवाणी, पहिल्या वर्षाला शोभणारी:
बोटी दोन झाल्या होत्या, यादी एकच.
नव्या बोटीने माणसं घेतलीच नव्हती,
ती कुठे बसलीत
तेवढा पत्ता उतरवून घेतला होता.
दारं दोन, आत खोली तीच.

आधी छापील कागदावरून
एक्केचाळीस नावं परत भरली.
मग मुळापासून:
यादीची प्रत, यादीतल्या माणसाची,
माणसाच्या बॅगेची, बॅगेला बांधलेल्या चिठ्ठीची.
एका बाईपुढे लिहिलेलं, सोबत भाऊ.
भावापुढे, सोबत बहीण.
तिच्यावरून तो, त्याच्यावरून ती,
त्या दोघांची फुगडी थांबेचना.
शेवटी एक वही ठेवावी लागली:
हिला भेटून झालं.
यालाही.

सूर्य नोव्हेंबरातच गेलेला.
खिडकीत दुपारची निळी राख.
गुरुवार, म्हणजे इंगविल्डला शाळेतून आणायची
पाळी ऑडवारची.

मार्चपासून घरं दोन.
ब्रश दोन, लोकरी मोज्यांचे जोड दोन,
उशाशी तोच पिवळा दिवा इथे आणि तिथे.
ऑडवार काटेकोर माणूस,
चादरसुद्धा त्याने तीच हुडकून आणली,
कोल्ह्यांची, बाजारातून केव्हाच गेलेली.
इकडे दूध सांडलं
तर तिकडे डाग पडत नाही.
वकिलाने कागदावर म्हटलं होतं,
वाटणी स्वच्छ झाली.

बसमध्ये त्याचा मेसेज:
'दात पडला. खालचा, पुढचा.
रडली नाही.'

घरी आल्यावर तिने बूट काढले नाहीत,
तशीच बाथरूममध्ये गेली.
ब्रश सोमवारपासून कोरडा.

इथलाही एक दात पडला होता.