व्याख्येत बोडी नाही

पुस्तकला मारबतेला वाचता येत नाही.
नावावरून कोणी चिडवलं तर म्हणते,
बापानं नाव ठेवलं, शाळेत टाकाचं राहून गेलं.

तिच्याच टोपलीतल्या कागदावर आली ती जाहिरात.
वर अर्धा किलो शिंगूर,
खाली ओल्या अक्षरांत
'जलसाठे विधेयकावर हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत.'
मासोळी घेणारा मी, गावचा डाकपाल.
बायकोनं मासोळी धुतली,
मी कागद वाळवला चुलीपाशी, कडेकडेनं.
मुदतीला नऊ दिवस उरले होते.

साकोलीहून छापून आणलं, बेचाळीस पानं.
मच्छी सोसायटीच्या खोलीत मोठ्यानं वाचत गेलो.
कलम एक, संक्षिप्त नाव.
कलम दोन, व्याख्या.
तलाव म्हणजे. धरण म्हणजे. शेततळे म्हणजे.
पुस्तकला फाटलं जाळं सांधत होती,
मान वर न करता म्हणाली,
आन बोडी?

पुन्हा वाचलं, बोट ठेवून.
बोडी नव्हती.
बांधीच्या वरच्या अंगाला, पळसाच्या आड,
जिच्या पाण्यावर सोळा घरांचं धान निसवतं
आणि पाणी उतरलं की डाडक, मरळ चिखलात हातानं धरता येतात,
ती कुठल्याच पानावर नव्हती.
लिहिणाऱ्याला तरी काय बोलावं,
त्याच्या खिडकीतून समुद्र दिसत असेल.

जे व्याख्येत नाही ते कायद्यात नाही, मी सांगितलं.
मंजे कोनी बुजवली,
तरी बुजवली नाई?
मला उत्तर आलं नाही. वीस वर्षं मी शिक्के मारतोय,
असा प्रश्न कोणी पाकिटावर लिहीत नाही.

मग सगळेच बोलायला लागले.
रुपदास म्हणाला, बसचंही लिवा.
देवांगना म्हणाली, शाळेच्या कवेलूचं लिवा,
हाताला हात लागलाच हाय तं.
पुस्तकला म्हणाली, नाई.
एकच शब्द. जास्त घातलं तं जाळं फाटते.

नमुन्यात वर लिहायचं होतं, हरकत किंवा सूचना.
इथे रात्रीचे साडेदहा वाजले.
हरकत म्हटलं की भांडण वाटतं, रुपदास म्हणे,
सूचना म्हटलं की कोणी ऐकत नाही.
शेवटी तीच म्हणाली,
दोनी लिवा जी, मधली रेघ मारू नोका.
आणि मी लिहिलं:
'कलम दोनमध्ये तलाव या शब्दापुढे
"व बोडी" हे शब्द घालावेत.'
एवढंच. कारण म्हणून चार ओळी,
त्यात सोळा घरं, बांधाची लांबी, मासोळ्यांची नावं.

अंगठ्यांसाठी शाई नव्हती.
डाकघराचा शिक्क्याचा पॅड सरकारी,
वापरावा की नाही, क्षणभर थांबलो.
वापरला.
एकतीस जांभळे अंगठे, तीन प्रतींवर,
आणि खाली माझी सही, डाकपाल म्हणून नाही,
नुसती.

सकाळी तिनंच काट्यावर पाकीट ठेवलं.
चौसष्ट ग्रॅम.
एवढुसं तं झिंग्याचं माप, म्हणाली,
आणि पावती पदराच्या गाठीत बांधली,
सुट्ट्या पैशांच्या सोबत.

दोन महिन्यांनी छापील कार्ड आलं.
'आपले निवेदन प्राप्त झाले. नोंद क्रमांक ४१२.'
बाकी काही नाही.
मान्य, अमान्य, काहीच नाही.
मी जरा ओशाळून वाचून दाखवलं,
जसा काही तो समितीचा नाही, माझाच आळस.

पुस्तकलेनं आकडा दोनदा म्हणवून घेतला.
मंजे आमच्या आगुदर
चारशे अकरा जन बोलले?
हो.
त्याहीचं काय सुटलं होतं गा कायद्यात?

मला माहीत नव्हतं.
ती टोपली डोक्यावर घेत उठली,
दारात वळली.
चारशे तेरावा कोन हाय,
तेवढं पुसून पाहाजा.