जुना डबा, फुजैरा

शुक्रवारी दुपारी शिजो आला,
खांद्याला बॅग, तोंडात वेलची,
जुन्या डब्याचं झाकण उघडून म्हणाला,
"सेठ, इसमें तो पूरा रेगिस्तान है."
खरंच होतं. पंख्याच्या पात्यांवर
वीस वर्षांची बारीक, पिवळट रेती,
बंदराच्या खाऱ्या हवेनं घट्ट धरून ठेवलेली.
मी सेठ नाही. शिप चँडलरकडे स्टोअरकीपर आहे.
पण शिजो सगळ्यांनाच सेठ म्हणतो.

नव्या लॅपटॉपला वजनच नाही.
मधे एक निळी वायर,
पडद्यावर कागद उडत चाललेले
ह्या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये.
बाकी वेळ: अकरा मिनिटं.
बाकी वेळ: चार तास.
बाकी वेळ: तीन मिनिटं.
इथल्या कुणालाही विचारा, कायमचा परत कधी जाणार,
तोही असंच सांगतो.

आधी जहाजांच्या याद्या गेल्या.
बटाटे दोनशे किलो, कांदे दीडशे,
फिलिपिनो खलाशांसाठी व्हिनेगर,
जाडे दोर, डिझेलचे फिल्टर,
कुणा ग्रीक कप्तानानं एकदाच मागवलेले
दोन डझन काळे मोजे.
त्यातली किती जहाजं आता भंगारातही नसतील.
बटाटे मात्र नीट पोचले,
एकही सडला नाही.

मग स्टॉकचा प्रोग्रॅम.
काळा पडदा, हिरवी अक्षरं,
एफ-सात दाबलं की गोदाम उघडायचं.
ते बोटांना पाठ होतं, मला नव्हतं.
शिजोनं मान हलवली.
"फाइल आयेगा. प्रोग्रॅम नहीं आयेगा."
लायसन्सचा नंबर सीडीच्या खोक्यावर होता,
खोकं कुणी फेकलं कोण जाणे,
आणि ज्यानं तो लिहिला तो मिसरी
कधीच कैरोला निघून गेला.
"नया डालना पड़ेगा, सेठ. सीखना भी पड़ेगा."

मी अठ्ठावन्नचा.
बरं, म्हटलं.

शेवटी एक फोल्डर उरलं: परकार, खाजगी.
माझ्याआधी ह्या खुर्चीत तेच बसायचे,
बाणकोटचे, चोरून पान खाणारे,
दोन हजार नऊला गेले ते गेलेच.
आत एकच फाइल. नाव, घर.
नव्या मशीनवर उघडली तर
डॉलरच्या खुणा, प्रश्नचिन्हं, एकाला एक चिकटलेले ए,
मधेच न मिटलेला कंस,
जणू परकारांनी कुणाला तरी मनसोक्त शिव्या घातल्यात.
"करप्ट है," शिजो म्हणाला. "डिलीट?"

करप्ट नव्हती. मराठी होती.
जुन्या फाँटातली. तो फाँट
फक्त त्या डब्यालाच वाचता यायचा.
जुन्या पडद्यावर उघडली:

ओटा अडीच फूट.
खाडीकडची खिडकी चार बाय तीन,
गज उभे नकोत, आडवे घाला.
जिना रुंद ठेवा.
न्हाणीचं पाणी माडांना.
गवंड्याला सांगा, मी येईपर्यंत
दाराचा रंग ठरवू नका.

एवढंच. खाली तारीखही नाही.

शिजो चहा आणायला गेला.
मी दोन्ही पडदे शेजारी लावले
आणि डावीकडे बघत, उजवीकडे
एका बोटानं टाइप करत बसलो.
ओटा. अडीच. फूट.
न्हाणीतला अर्धा न सापडेपर्यंत
पाच मिनिटं गेली.
खिडकीबाहेर नांगर टाकलेल्या जहाजांचे
दिवे एकेक करून लागत होते.
रंग कुठला दिला असेल त्यांनी?
त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. बहुतेक जुना.

सेव्ह करताना मशीननं नाव विचारलं.
घर, लिहिलं.
ह्या नावाची फाइल आधीच आहे, ते म्हणालं,
तिच्या जागी ही ठेवू?
नको, म्हटलं. न वाचता येणारंही राहू दे.
मग त्यानंच नाव दिलं: घर, दोन.

शिजोनं आणलेला चहा निवला होता.
त्यावरची साय बोटानं बाजूला करून
तसाच प्यायलो.