सात सेकंद

रुवीत, चौथ्या मजल्यावर, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप.
मागे चादर ताणलेली,
वाळत घातलेलं दिसू नये म्हणून.

शिकवणारी म्हणाली होती, प्रश्न विचारलास
की सात सेकंद थांब. ती जागा भरू नकोस.
आणि मी अशा घरातली,
जिथे कुणी गप्प बसलं
की त्याच्या ताटात भाजी वाढतात.

एक. एसीची घरघर.
दोन. सेबूत रोवेनाच्या मागे कोंबडा आरवतो,
ती घाईघाईने माइक बंद करते.
तीन. अलेक्झांड्रियाचा हातिम गोठलाय, तोंड अर्धं उघडं;
नेट गेलंय की विचार करतोय, कळत नाही.
चार कुठे गेला आठवत नाही,
जीभ दातांखाली धरली होती.
खाली गॅसवाला सिलिंडरवर पाना ठोकत
गल्ली ओलांडून गेला, तो बहुधा पाच.

आणि तीन महिने नुसता काळा चौकोन असलेला
सोहारच्या गोदामातला खल्फान
घसा खाकरतो.
"वाईट वाटून घेऊ नका,
पण हे वेळापत्रक पहिल्या दिवसापासून चुकलंय."

वेळापत्रक माझं.

तोंडाशी आलेलं सगळं गिळते,
आणि पुन्हा एकपासून मोजायला लागते.