मुका खांब

आमच्याकडे क्रोशा माणसांनी घालायचा नसे.
तो असे रेडिओला, मिक्सरला,
माठाच्या झाकणाला मणी लावलेला गोल,
आणि टीव्हीला तर ऐन मे महिन्यातही
झालरीचं झबलं.
बाई मात्र त्याच्यासमोर घामेजून
साध्या वायलच्या साडीत.

इंदुवन्संनी विणलेलं ते झबलं
खामगावहून टॉडमॉर्डनला आलं,
एकवीस वर्षांपूर्वी, लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळून.
इथला टीव्ही भिंतीला चिकटलेला, पापडासारखा.
त्याला काय नेसवणार?
राहिलं कपाटात, तेलाचा एक पिवळा डाग घेऊन.

या फेब्रुवारीत, कालव्यावर बर्फाची साय धरली होती तेव्हा,
मी त्याची शेवटची गाठ शोधली.
क्रोशाचं हे एक बरं असतं,
सगळा संसार एकाच टाक्यावर टांगलेला,
तो सुटला की बाकीचे वाद घालत नाहीत.

सुर्रर्र, सुर्रर्र.
दोरा निघाला तो कुरळा,
वेणी सोडल्यावर केस असतात तसा.
ओला करून खुर्चीच्या पाठीवर ताणला तरी
दोन दिवस तो जुनंच काहीतरी आठवत होता.

अकराव्या ओळीत एक खांब कमी होता.
वन्संनी तिथं दोन साखळ्या जास्त घालून
वर फुलदाणी ठेवली होती.
वर्षानुवर्षं. फुलदाणी. त्याच जागी.
माझ्या पोळीचा काठ, माझ्या साडीचा काठ
दारात उभं राहून तपासणाऱ्या वन्संनी.
मी हसले.
मग बराच वेळ काही उसवलं नाही.

बुधवारी लायब्ररीत विणायला बसतो आम्ही सहाजणी.
ग्लेनिस सटक्लिफ म्हणाली, इथं डबल क्रोशे घाल.
माझ्या अमेरिकन पुस्तकात तोच टाका सिंगल.
मी म्हटलं, आमच्यात त्याला मुका खांब म्हणतात.
मुका का?
नीटसं सांगता येईना.
बुटका असतो, म्हटलं. दिसत नाही. ओळ मात्र धरून ठेवतो.
"माझी आई," ग्लेनिस म्हणाली.
"गिरणीत होती. मागांच्या खडखडाटात कुणाला काही ऐकू येत नसे,
सगळ्या नुसते ओठ हलवून बोलायच्या.
घरी आल्यावरही ती तशीच बोलायची.
आम्ही ताटावरून मान वर करून तिच्याकडे बघायचो."
आणि मग तिनं पुन्हा पहिल्यापासून टाके मोजले.

दोरा पुरला नाही. मार्केट हॉलमधून नवा आणला,
चिंचेच्या कोवळ्या पाल्याच्या रंगाचा.
एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी जाकीट झालं,
बिनबाह्यांचं, पुढं शिंपल्याची चार बटणं,
डाग नेमका डाव्या खांद्यावर.
ते घालून कालव्याच्या काठानं गेले.
झुडपांवर पांढरा मोहोर होता, का गारा, लांबून कळेना.
वारा प्रत्येक भोकातून वेगवेगळा आत आला,
जणू आमंत्रण एकेकाला दिलं होतं.

तेवढ्यात वन्संचा व्हिडिओ कॉल.
वय एक्याऐंशी, मोतीबिंदूचं एकच ऑपरेशन झालेलं.
"काय घातलंयस? जवळ आण. अजून.
डावीकडे वळ. हात वर कर."
मी बाकासमोर हात वर करून उभी.
कुत्रं फिरवणारा एकजण उगाच मला हात हलवून गेला.
"काखेत एक खांब कमी आहे."
होता. मुद्दाम नाही हो,
त्या दिवशी मोजताना दारावर पोस्टमन आला होता.
"हो," म्हटलं. "अकरावी ओळ."

पलीकडून काही आवाज नाही.
ओठ हलले त्यांचे, एकदा, दोनदा.
नेटवर्क असेल.

मग म्हणाल्या,
"वारा नाही का गं लागत त्यातून?"
लागतो, म्हटलं.
आत थर्मल आहे.